चौदा तारखेचं घड्याळ

"आम्ही हुंडा घेत नसतो," असं साहेबरावांनी चहा यायच्या आधी सांगितलं, चहा पिताना सांगितलं आणि बशी खाली ठेवल्यावर पुन्हा सांगितलं, तेव्हाच सत्यशीलाला कळायला हवं होतं की हा माणूस काहीतरी मागणार आहे. ज्याला खरंच काही नको असतं, तो ते इतक्यांदा ऐकवत बसत नाही.

साहेबराव म्हणजे नवऱ्या मुलाचे मामा. मुलाचं नाव भुजंग, अंबडला एका सरकारी कचेरीत कारकून. आईबाप लहानपणीच गेले आणि मामानं वाढवलं, म्हणून बोलणीचालणी सगळी मामाच्या हातात. सत्यशीला आष्टीच्या शाळेवर मास्तरीण होती. बघायला आलेल्या दोन स्थळांना तिनं आधीच नकार दिलेला, आणि आई चांगुणाबाईच्या हिशेबानं तिचं वय कधीच उलटून गेलेलं. आणीबाणीचे दिवस होते. परतूरच्या स्टँडसमोरच्या भिंतीवर 'हुंडा घेणे गुन्हा आहे' असं हातभर अक्षरांत रंगवलेलं होतं, आणि साहेबराव त्याच भिंतीला टेकून विडी ओढून आष्टीच्या गाडीत बसले होते.

"आता आपल्यात पंचांग न्हाई, मुहूर्त न्हाई, बामण न्हाई," साहेबराव तिच्या वडिलांना, रखमाजींना, म्हणाले. "पत्रिकेवर अकरा छापलं की अकरा. बराबर का न्हाई? मंग नवरदेवाच्या हातात घड्याळ नको का? एवढं एक घड्याळ द्या. बाकी तुमचा सुताचा दोरा बी नको आम्हाला."

"घड्याळ देऊ की," रखमाजी म्हणाले. ते साधे होते. त्यांना वाटलं, वेळ बघायला घड्याळ पाहिजे.

"देशी नको. देशी आजकाल शिपाई बी घालून राह्यले. फॉरेनचं पाहिजे. ओमेगा. जालन्यात एक जण आपल्या ओळखीचा हाये, मुंबईहून आणतो. मी सोबत येतो, फसायचं काम न्हाई."

मुहूर्तापासून निघून ओमेगावर येऊन थांबणारा माणूस सत्यशीलानं तोवर पाहिला नव्हता. मातीच्या भिंतीच्या घरात, पत्र्याखाली बसून हा बाबा स्वित्झर्लंडचं घड्याळ मागत होता, आणि ज्या भाच्यासाठी मागत होता त्याच्या शर्टाची कॉलर उलटून शिवलेली होती. असल्या माणसाला उंबऱ्याबाहेर काढायला तिला दोन वाक्यं पुरली असती. ती बोलली नाही, कारण तिला भुजंग आवडला होता.

आवडायचं कारणही होतं. आधीच्या दोघांनी तिला चालून दाखवायला लावलं होतं, एकानं तर वाचून दाखव म्हणून हातात वर्तमानपत्र दिलं होतं. भुजंगनं असलं काही केलं नाही. तो रखमाजींजवळ सरकून बसला आणि त्यांना बोलतं केलं. रखमाजी छप्पन साली धम्मदीक्षेला नागपूरला गेले होते. घरात येईल त्याला ते हे सांगत, आणि घरातली माणसं आता ऐकून ऐकून उठून जात. भुजंग उठला नाही. "मंग स्टेशनातून मैदानापर्यंत चालतच गेल्ता का, आबा?" "पांढरी कापडं कुठून आणली?" "हात वर केला तवा कसं वाटलं?" असं एक एक विचारत राहिला. चौदा ऑक्टोबर म्हणताना रखमाजींचा आवाज नेहमीसारखा फाटला, तेव्हा भुजंगनं खाली बघितलं. सत्यशीला दाराआडून हे सगळं बघत होती. मामा कसाही असो, तिला वाटलं, हा माणूस खरा आहे. तिनं होकार दिला आणि महिनाभर मनातल्या मनात फार सुखात राहिली.

घड्याळ घ्यायला ती स्वतः निघाली तेव्हा साहेबरावांचं तोंड वाकडं झालं. बायामाणसांचं तिथं काय काम, असं त्यांनी तिच्या धाकट्या भावाला, वसंताला, ऐकू जाईल असं विचारलं. "पगार माझा आहे," सत्यशीला म्हणाली, आणि तो विषय संपला.

मुंबईवाला जालन्यात स्टेशनाजवळच्या एका लॉजच्या माडीवर भेटला. त्याचं खरं नाव कोणी सांगितलं नाही. मुंबईचा तर तो नव्हताच. अंगात फुलाफुलांचा नायलॉनचा शर्ट, केसांना वाटीभर तेल, आणि दर दोन वाक्यांनी "कस्टम" हा शब्द. कस्टमची धाड आहे म्हणून बिल नाही, कस्टमची नजर आहे म्हणून डबी नाही, कस्टमनं सगळं धरलं म्हणून नग एकच उरला आहे. कस्टमवाल्यांना दुसरा उद्योगच नसावा.

घड्याळ त्यानं लगेच काढलं नाही. आधी नकली घड्याळ कसं ओळखायचं, यावर व्याख्यान दिलं.

"बाजारात फार लबाडी माजलीय, ताई," तो कळवळून म्हणाला. "आपल्या लोकांना लुटून राह्यले. म्हणून मी म्हणतो, आधी पारखायला शिका, मंग घ्या. पहिलं वजन. नकली हलकं असतं. दुसरं, कानाला लावा. नकली खडखड करतं. तिसरं, काच. चौथं, रेडियम. पाचवं, पाणी."

मग त्यानं रुमालातून ते सोनेरी घड्याळ काढलं आणि एक एक परीक्षा घेऊ लागला. वसंताच्या तळहातावर ठेवून वजन दाखवलं. कानाला लावलं. काचेवर टाचणी ओढली. स्वतःची शाल वसंताच्या डोक्यावर टाकून आत काटे कसे हिरवे चमकतात ते दाखवलं. पाण्याच्या ग्लासात बुडवून काढलं. जी परीक्षा तो सांगत होता तिच्यात घड्याळ पास होत होतं. परीक्षा घेणारा आणि पेपर फोडणारा एकच असल्यावर पास व्हायला काय जातं, हे सत्यशीलाला शाळेतल्या अनुभवानं चांगलं माहीत होतं. वसंता मात्र शालीखालून घामेजलेला बाहेर आला तो पुरती खात्री पटूनच.

"पण मला तर हे याच्यासाठी आवडलं," साहेबराव म्हणाले, आणि त्यांनी घड्याळ उचलून तिच्यासमोर धरलं. "तारीख बघा, मास्तरीणबाई. तारीख बघा कोणती हाये."

तबकडीवर उजवीकडे तारखेची छोटी खिडकी होती. आत आकडा होता चौदा.

"मी मुद्दाम लावून ठेवली," मुंबईवाला आवाज खाली आणून म्हणाला. "तुमच्या घरात जाणार म्हणल्यावर. दीक्षेची तारीख."

वसंतानं हात जोडले. साहेबरावांनी डोळे मिटले. आणि सत्यशीलाचेही हात जुळले. कोणी सांगून नाही, आपोआप जुळले. आबांचा चौदा म्हणतानाचा आवाज तिच्या कानात आला, आणि हे घड्याळ त्यांना कधी दाखवते असं तिला झालं.

मग तिला आठवलं की आज चौदा तारीख नाही. महिना संपत आला होता. लावून ठेवली म्हणजे हलवून लावली, आणि हलवून लावली म्हणजे पुन्हा हलवता यायला हवी. तिच्या हेडमास्तरांच्या हातावर असलंच तारखेचं घड्याळ होतं. तीस दिवसांचा महिना सरला की घड्याळ एकतीस दाखवायचं, आणि प्रार्थना झाल्यावर हेडमास्तर काटे गरागरा फिरवत बसायचे. काटे एक दिवस पुढं गेले की खिडकीतला आकडा टुक करून बदलायचा. पोरं ते बघायला गर्दी करायची.

"उजेडात बघते," म्हणून ती घड्याळ घेऊन खिडकीशी गेली.

"काटे नका फिरवू, मास्तरीणबाई," साहेबराव घाईनं म्हणाले. "नाजूक मशीन हाये."

तिनं त्यांच्याकडे पाठ केली, किल्ली ओढली आणि काटे फिरवले. बारा वाजून गेले. चौदाच. तिनं पुन्हा बारा वाजवले. अख्खा दिवस आणि अख्खी रात्र तिच्या बोटांखालून निघून गेली, तरी चौदाच. मग तिनं घड्याळ डोळ्यापाशी नेलं. खिडकी नव्हतीच. तबकडीवर काळ्या रेघेची चौकट काढून तिच्यात कोणीतरी आकडा रंगवला होता, आणि वर काचेला थोडा फुगवटा दिला होता. दुकानाच्या पाटीवर रंगवतात तसा चौदा. त्याला तिनं हात जोडले होते.

तिला आधी लाज वाटली आणि मग असा संताप आला की ते घड्याळ माडीवरून खाली भिरकावून द्यावं. पण ती वळली तेव्हा तिनं साहेबरावांचं तोंड पाहिलं. ते घड्याळाकडे बघत नव्हते, तिच्या तोंडाकडे बघत होते, नापास होणारं पोर मास्तरच्या तोंडाकडे बघतं तसे. याला माहीत होतं. ओळखीचा मुंबईवाला, "फसायचं काम न्हाई", सोबत यायची हौस, सगळं तिला एकदम कळलं. नवल मात्र वाटलं नाही. चहाच्या बशीवर हुंड्याला शिव्या देणारा माणूस चोर निघाला, यात नवल ते काय? तिला धास्ती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. भुजंगला हे माहीत आहे का?

नसेल, तर मामाला बाजूला सारून लग्न करता येईल. असेल, तर काहीच करता येणार नाही. तिला एवढंच कळून घ्यायचं होतं.

"छान आहे," ती म्हणाली. "आबांना दाखवून आणते, मग व्यवहार करू."

"न्या की! माझी जबाबदारी," साहेबराव फुलले. "आबांना चौदा बघू द्या. ते न्हाई म्हणायचेच न्हाईत."

लॉजचा जिना उतरल्यावर तिनं वसंताला सांगितलं की घड्याळ खोटं आहे आणि मामाला ते ठाऊक आहे. वसंता रस्त्यातच उभा राहिला. "पण आक्का, चौदा..."

"रंगवलेलं आहे. आबांपुढं यातला एक शब्दबी काढू नको. आता अंबडची गाडी बघ."

दुपारच्या सुट्टीत भुजंग कचेरीच्या मागं लिंबाखाली डबा खात बसला होता. तिला बघून तो घाईनं उठला, हात धुतले, वसंताला आत बाकावर बसवून त्याच्यासाठी चहा सांगितला. त्याच्या तोंडावर खरा आनंद होता. तो आनंद बघून सत्यशीलाला वाटलं, आपण उगीच आलो. याला कशाला विचारायचं? हा तर बिचारा काही जाणत नसणार. तिनं पदराखालून घड्याळ काढून डब्याच्या झाकणाशेजारी ठेवलं.

"हे खोटं आहे," ती म्हणाली. "तुमच्या मामांना माहीत आहे. तुम्हाला?"

भुजंगनं घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि तो हसला. कौतुकानं हसला.

"तुम्ही ओळखलं? मामा तर म्हणत होता, जालन्याचा सोनार बी ओळखायचा न्हाई." तो तिच्या जवळ सरकला आणि आवाज बारीक केला. "आता लपवून काय करू? तुम्ही काय परक्या हायत का? खरं ओमेगा घेऊन मी काय करू, सांगा. वेळ हे बी बराबर दाखवतं. तुमच्याकडून खऱ्याची किंमत येणार, त्यातलं त्या मुंबईवाल्याला थोडं, मामाला थोडं, बाकी आपल्याला. भांडीकुंडी, खाट, सगळा खर्चा त्यातच. तुमचा पैसा फिरून तुमच्याच घरात येऊन राह्यला."

तो हे लाडीगोडीनं सांगत होता. तिला फसवल्याचं त्याच्या गावीही नव्हतं. उलट आपण दोघं मिळून सगळ्यांना फसवतोय, या विचारानं त्याचा चेहरा उजळला होता. सत्यशीलाला त्याच्या मामाची आठवण झाली, आणि तो मामा तिला या क्षणी बराच बरा वाटला. त्याला निदान पकडलं जायची भीती तरी वाटली होती.

"आणि चौदा?" तिनं विचारलं.

"ती माझी कल्पना." भुजंगनं घड्याळ उचललं आणि अंगठ्यानं काच पुसली. "असल्या मालात तारीख हलत न्हाई, ते त्याचं व्यंग. दुसरा कोणता बी आकडा असला की माणूस लगेच म्हणतो, आज तर ही तारीख न्हाई, फिरवून दाखवा. मामा डोकं धरून बसल्ता. त्या दिवशी आबांनी नागपूरचं सांगितलं ना, तवाच माझ्या डोक्यात आलं. चौदा असू दे. चौदा बघितलं की आपलं माणूस हात जोडतं. हात जोडल्यावर काटे कोण फिरवतंय?"

सत्यशीला त्याच्याकडे बघत राहिली. हुशार होता. तिला वाटलं होतं त्याहून कितीतरी हुशार. वर्षानुवर्षं त्याच लोकांत राहून, दीक्षा देणाऱ्यांच्याच फोटोसमोर मेणबत्ती लावून त्यानं आपल्या माणसांबद्दल एवढीच एक गोष्ट शिकून घेतली होती, की ती कुठं आंधळी होतात.

"आबा बोलत होते तेव्हा तुम्ही हा विचार करत होता?"

"ऐकत बी होतो की," भुजंग म्हणाला. "फार छान सांगतात आबा. माझ्या डोळ्यात पाणी आल्तं."

आणि आलं असणार, हे तिला पटलं. तेच तिला सहन झालं नाही. नुसता खोटा असता तर तिनं त्याला चार शिव्या देऊन मन मोकळं केलं असतं. याचं पाणीही खरं होतं आणि लबाडीही खरी होती, आणि दोन्ही एकाच वेळी त्याच डोळ्यांत मावत होती. अशा माणसाला शिवीसुद्धा लागत नाही. तिला त्याची किळस आली. महिनाभर आपण याचं नाव मनात घेत होतो, याची त्याहून जास्त आली.

"ठेवून घ्या," ती म्हणाली. "तुमच्याच हातावर शोभेल. लग्न होणार न्हाई."

"ऑं? घड्याळापायी?"

त्याला खरोखर कळलं नव्हतं. तिनं समजावून सांगितलं नाही. ढ पोराला ती दहा वेळा समजावून सांगायची, पण हा ढ नव्हता.

परतीच्या गाडीत वसंता म्हणाला, "आबांना सांगू. आबा त्याला सोडणार न्हाईत."

"म्हणूनच सांगायचं न्हाई," सत्यशीला म्हणाली.

तिनं रस्ताभर हाच विचार केला होता. भुजंगला माहीत होतं एवढं जरी सांगितलं तरी रखमाजी उठून अंबडला जाणार. त्यांचा तो स्वभावच होता. गरिबीत कोणाचं ऐकून घेतलं नव्हतं, आता तर नाहीच. ते कचेरीत जाऊन जाब विचारणार, आणि भुजंग त्यांना पाणी देणार, बसायला देणार आणि त्याच गोड तोंडानं सगळं सांगणार. चौदा कुठून सुचलं तेही सांगणार. मग आबा पुन्हा कधी कोणाला नागपूरचं सांगणार नाहीत. त्यांच्याकडं सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

घरी चांगुणाबाई साखर वाटायच्या तयारीत बसली होती. "घेतलं का घड्याळ?"

"न्हाई घेतलं," सत्यशीला म्हणाली. "नवरदेव बी न्हाई घेतला."

"म्हंजी?"

"मला पसंत न्हाई. मी त्यांना सांगून आले."

चांगुणाबाईनं आधी कपाळ बडवलं, मग तिच्या शिक्षणाला, नोकरीला आणि पगाराला एकेक करून शिव्या घातल्या. गावाला दोनच दिवस लागले. मास्तरीणबाईनं एका घड्याळाचा खर्चा नको म्हणून सोन्यासारखा मुलगा सोडला, असं पारावर ठरलं. साहेबरावांनी हे चार गावांत फिरून सांगितलं, आणि सांगताना आम्ही हुंडा घेत नसतो हेही सांगितलं. बायका तिला बघून पदर तोंडाला लावायच्या. सत्यशीलानं त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. असल्या लोकांच्या बोलण्याची तिला कधीच पर्वा नव्हती.

पण रखमाजी बोलायचे थांबले. त्यांनी एकदाच विचारलं होतं, "पोरगं तर गुणाचं होतं. काय खोट निघाली?" ती म्हणाली, "काही न्हाई, आबा. मलाच वाटलं." ते तिच्याकडे बघत राहिले. दोन स्थळं आधी मोडली, हे तिसरं, आणि कारण म्हणून पोरगी म्हणते मलाच वाटलं. त्यांच्या डोळ्यांत तिनं तीच तुच्छता पाहिली, जी ती आयुष्यभर दुसऱ्यांकडे बघताना आपल्या डोळ्यांत बाळगत आली होती. ते उठून बाहेर गेले, आणि त्यानंतर तिच्याशी गरजेपुरतं बोलणंसुद्धा ते वसंताकरवी बोलू लागले.

खरं सांगितलं असतं तर ते त्याच दिवशी तिच्याजवळ येऊन बसले असते. तिनं सांगितलं नाही.